पालकसभेत विज्ञान कधी येणार?

शाळेतून घरी येणारे निरोप वर्षभर एका वहीत लिहून ठेवले, तर पालक कशासाठी असतात याबद्दल शाळेचं काय मत आहे ते कळतं. निकालपत्रकावर सही करून पाठवा. आधार कार्डाची झेरॉक्स द्या. स्नेहसंमेलनाला नऊवारी लागेल. मुलगा वर्गात फार बोलतो, समज द्या. या सगळ्यात विज्ञानाच्या नावाने निरोप येतो तो बहुधा एकदाच: प्रदर्शन आहे, मॉडेल पाठवा.

मग मॉडेल तयार होतं. स्टेशनरीच्या दुकानात ज्वालामुखी, पवनचक्की, सिरिंजवर चालणारा जेसीबी असं सगळं जुळवून मिळतं. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा दुकानदारांनी पुठ्ठ्यावर तेच ज्वालामुखी उभे केले. ज्यांना विकत घ्यायला परवडत नाही किंवा आवडत नाही त्या घरांत बाबा रात्री उशिरापर्यंत वायरी जोडतात, आई तक्त्यावर सुवाच्य अक्षर काढते आणि ज्याचं प्रदर्शन ते मूल झोपलेलं असतं. सकाळी त्याला चार वाक्यं पाठ करून घ्यायची असतात. परीक्षकांना हे कळतं, शिक्षकांना कळतं, बक्षीस मिळालेल्या मुलालाही कळतं. कुटुंबाचा सहभाग म्हणाल तर शंभर टक्के आहे. त्यातून मूल एकच गोष्ट शिकतं: विज्ञान म्हणजे मोठ्यांनी पूर्ण करून द्यायची वस्तू.

पालकांना मुलांच्या विज्ञानशिक्षणात सहभागी करून घ्या, असं आता सगळेच म्हणतात. म्हणजे काय करा, हे विचारलं की उत्तर येतं: घरी अभ्यास घ्या, प्रयोगाला मदत करा, व्हिडिओ दाखवा. माझा विरोध या उत्तराला आहे. पालकांना घरचे मास्तर करणं हा सहभाग नव्हे, ती शाळेच्या कामाची वाटणी आहे, आणि ती ज्या घरात शिकलेलं माणूस नाही त्या मुलाला आणखी मागे ढकलते. उलट व्हायला हवं. पालक जे काम करतात, जे जाणतात आणि जे मानतात, ते शाळेने वर्गात आणावं आणि मुलांसमोर तपासावं. हे आणण्याची जबाबदारी शाळेची.

कायद्याची आडकाठी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, निम्म्या सदस्य बायका असाव्यात असं सांगितलं आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचं काम या समितीवर सोपवलं. विनाअनुदानित खासगी शाळा यातून सुटल्या, पण जिल्हा परिषदेच्या शाळांना हे सगळं लागू आहे; अनुदानित शाळांतही समिती असते, फक्त २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिचं काम सल्ल्यापुरतं आहे. तरी समितीच्या सभांची इतिवृत्तं चाळली तर विषय कोणते दिसतील? गळकं छप्पर, शौचालयाचं पाणी, गणवेशाचा हिशेब, आहाराची तक्रार. सगळे आवश्यक. पण सहावीतल्या मुलांनी यंदा कोणते प्रयोग स्वतःच्या हातांनी केले, हा प्रश्न विषयपत्रिकेवर सापडणं कठीण. विज्ञान आलंच तर साहित्याच्या कपाटापुरतं येतं, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे पुढच्या सभेत विचारायचं ठरतं.

गंमत अशी की बहुतेक सरकारी शाळांत पालक रोज हजर असतात. पोषण आहार शिजवणाऱ्या बायका म्हणजे पुष्कळदा त्याच शाळेतल्या मुलांच्या आया, आज्या, काकू. शंभर मुलांसाठी मटकीला मोड आणायचे असतील तर ती किती तास भिजवायची, फडक्यात किती घट्ट बांधायची, थंडीत एक रात्र जास्त का लागते, पावसाळ्यात बुरशीचा वास कधी येतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्या चुलीपासून वीस पावलांवर मुलं 'बीजांकुरणासाठी आवश्यक घटक' पाठ करत असतात: पाणी, हवा, उष्णता. भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे एकच धडा चालू आहे आणि मधलं दार कोणी उघडत नाही.

दार उघडणं म्हणजे बाईंना वर्गात उभं करून सत्कार करणं नव्हे. तो आपल्याकडे फार लवकर होतो, नारळासकट. दार उघडणं म्हणजे मुलांनी त्यांना नीट प्रश्न विचारणं. थंडीत जास्त वेळ लागतो हे तुम्हाला कशावरून कळलं? फडकं कोरडं पडलं तर काय होतं? मग त्याच मटकीचे चार वाटे करायचे: एक पाण्यात बुडवलेला, एक ओल्या फडक्यात, एक कोरडा आणि चौथा ओल्या फडक्यातच पण गार जागी. दोन दिवस मोजमाप ठेवायचं. बाईंचं म्हणणं बरोबर निघालं तर ते का, आणि कुठे चुकलं तर तेही त्यांना जाऊन सांगायचं. ज्या आईने चौथीत शाळा सोडली तिला घरी मुलाचा विज्ञानाचा अभ्यास घेता येणार नाही. पण या प्रयोगात तिच्याइतकी माहिती शिक्षकांकडेही नसेल.

कोल्हापूरकडे गुऱ्हाळघरांचं तसंच. आम्ल आणि आम्लारी हा धडा लिटमसच्या पट्टीवर सुरू होऊन लिटमसच्या पट्टीवरच संपतो. आणि गावाबाहेर काहिलीसमोर उभा असलेला गुळव्या उसाच्या रसात चुना किती टाकायचा याचा निर्णय रोज घेत असतो. चुना कमी पडला तर रसातला आंबटपणा राहतो आणि गूळ नीट बसत नाही. जास्त झाला तर रंग काळवंडतो. रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस टाकला की मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढता येते. पाक झाला का हे बघायला तो चिमूटभर पाक थंड पाण्यात टाकतो आणि बोटांनी दाबून पाहतो. आम्ल-आम्लारी, साकळणं, तापमान आणि संहती यांच्यावर एक अख्खं सत्र चालेल एवढा मालमसाला तिथे आहे. अवघड प्रश्नही आहे: गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवा म्हणून त्यात हायड्रॉस पावडर पडते, ती काय करते आणि पडावी का? या प्रश्नावर गुळव्या, त्याचं गिऱ्हाईक असलेले शिक्षक आणि मुलं एकाच बाजूला नसतील. वर्गात अशी वादाची जागा असणं चांगलं.

याचा पद्धतशीर प्रयत्न झालेला आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टुसॉन शहरात लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांच्या घरी पाठवलं. तक्रार सांगायला किंवा सल्ला द्यायला नाही, तर शिकायला. शेती, गुरं, बांधकाम, औषधी वनस्पती, दुरुस्तीची कामं यांचं केवढं ज्ञान त्या घरांत आहे हे शिक्षकांनी नोंदवलं. एका शिक्षिकेला आपला विद्यार्थी मेक्सिकन मिठाई विकतो असं कळलं, तेव्हा वर्गाने मिठाई हाच अभ्यासाचा विषय केला आणि एक पालक वर्गात येऊन ती बनवून गेली. १९९२ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं तेव्हा त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मिठाई नव्हती. या मुलांच्या घरी काही नसतं, ही शिक्षकांची समजूत त्या भेटींनी मोडली.

इथे आपल्याकडचा एक आक्षेप येतो, आणि तो टुसॉनला कोणी घेतला नसता. 'तुझे वडील काय करतात' हा प्रश्न आपल्या वर्गात निरागस नाही. त्याच्या उत्तरात जात असते आणि ती ऐकायला सगळा वर्ग कान टवकारतो. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. द्रविड चळवळीचे नेते पेरियार यांनी तिला कुलशिक्षण म्हणून झोडपलं, मोठं आंदोलन उभं राहिलं, १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि योजना गुंडाळली गेली. विरोध योग्यच होता. चांभाराच्या मुलाने चपलाच शिवाव्यात हे सांगायला शाळेची गरज नव्हती, ते गावाने कधीच सांगून ठेवलं होतं. शाळा हवी होती ती त्यातून सुटायला.

म्हणून मी म्हणतोय त्यात आणि राजाजींच्या योजनेत फरक कुठे आहे हे नीट सांगायला हवं. तिथे मूल शाळेतून बापाच्या कामाकडे जात होतं, एकटं आणि कायमचं. इथे काम शाळेत येतं, सगळ्या वर्गापुढे, आणि त्याचं कारण विचारलं जातं. गुळव्याचा मुलगा गुळव्या होण्यासाठी हे करायचं नाही. डॉक्टरच्या मुलीनेही चुन्याचा हिशेब मांडायचा आहे. दुसरं, 'वडील काय करतात' असं हजेरी घेतल्यासारखं कधीही विचारायचं नाही. ज्या पालकाला यावंसं वाटेल तो येईल. सुरुवात सगळ्या घरांत असणाऱ्या गोष्टींपासून करावी: पाणी साठवणं, दही लावणं, भाकरीच्या पिठाची विरी जाणं, धान्याला कीड लागणं. एवढी काळजी घेऊनही एखाद्या वर्गात हसू फुटेल. शिक्षकाला ते हाताळता येत नसेल तर त्याने हा उद्योग करू नये, असंच मी म्हणेन.

आणि काळजी घेतली तर काय हाती लागतं, याचं एक उदाहरण मला विशेष महत्त्वाचं वाटतं. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्या मुलांचं काय, यावर साखर शाळा आणि हंगामी वसतिगृहं असे उपाय झाले. पालकसभेच्या उपस्थितीत मात्र हे आईबाप 'उदासीन' म्हणूनच मोजले जातात. त्यांना काय ठाऊक आहे पाहा. ऊस जमिनीलगत, बुडख्यातच तोडायचा, कारण साखर खालच्या कांड्यांत जास्त. वरचं वाढं गुरांना. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटतं आणि साखरही उतरते, म्हणून गाडी आजच कारखान्याला पोचली पाहिजे. वनस्पती अन्न कुठे साठवते आणि साठवलेल्या साखरेचं तोडणीनंतर काय होतं, हा धडा या लोकांइतका रोखठोक कोण शिकवेल? ते जून ते सप्टेंबर गावात असतात. धडा तेव्हा घ्यावा. पाठ्यपुस्तकातला क्रम दोन महिने पुढेमागे झाला म्हणून काही बिघडत नाही.

शहरी, शिकलेल्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे सहभाग भरपूर आहे, पण तो पैशाच्या रूपात. १९८१ पासून मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ सहावी आणि नववीच्या मुलांसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा घेतं. तिच्यात लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, मुलाखत आणि स्वतः केलेला प्रकल्प असे टप्पे आहेत, म्हणजे हेतू घोकंपट्टीच्या उलटच आहे. पण तिच्याभोवती क्लास उभे राहिले आणि अकरा वर्षांच्या मुलाला शनिवार-रविवार तिथे सोडून येणं म्हणजे विज्ञानाची आवड जोपासणं, असं अनेक घरांनी ठरवून टाकलं. क्लास लावल्यावर घरात विज्ञानाबद्दल बोलण्याची गरज उरत नाही.

मराठी शाळांतल्या सेमी इंग्रजीनेही तेच केलं आहे. इतर विषय मराठीत, गणित आणि विज्ञान इंग्रजीत. ही मागणी पालकांचीच, आणि तिच्यामागची धास्ती खरी आहे: अकरावीत मुलगी अडखळू नये. पण हिशेबाची दुसरी बाजू कोणी मांडत नाही. घरात जी भाषा बोलली जाते तिच्यातून नेमकं विज्ञान बाहेर काढलं गेलं. इतिहासाचा धडा आजी ऐकू शकते, चूक काढू शकते, स्वतःची भर घालू शकते. विज्ञानाचं पुस्तक उघडलं की ती उठून जाते. ज्या विषयात घराकडे सांगण्यासारखं सर्वांत जास्त होतं तोच विषय घराला बंद झाला. सेमी बंद करा असं म्हणून काही होणार नाही, ती वेळ गेली. पण सेमीच्या शाळेनेही महिन्यातून एक गृहपाठ असा द्यावा जो मराठीतच, किंवा घरी अहिराणी, कोकणी, गोंडी जे बोलत असतील त्या भाषेत, विचारूनच पुरा होईल. बालभारतीच्या पुस्तकांत 'इंटरनेट माझा मित्र' अशी चौकट असते. आजीसाठी चौकट नसावी, याचं मला नेहमी नवल वाटतं.

पालकांनी करायचं ते फार थोडं आहे, हे सांगायला जयंत नारळीकरांच्या लहानपणीची गोष्ट उपयोगी पडते. बनारसला त्यांच्या घरात फळा होता. त्यांचे मोरूमामा, मोरेश्वर हुजुरबाजार, त्यावर गणिताचं एखादं कोडं लिहून ठेवत आणि वर लिहीत, जयंतसाठी आव्हान. ते सुटेपर्यंत फळ्यावर राही. ही गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, वडील केंब्रिजचे रँग्लर, मामा गणिती, आमच्याकडे कुठे असं घर? खरं आहे. पण मामाने केलं काय? उत्तर सांगितलं नाही, शिकवायलाही बसला नाही. प्रश्न पुसू दिला नाही, इतकंच. हे करायला रँग्लर लागत नाही. 'पावसाळ्यात मिठाला पाणी का सुटतं' हा प्रश्न घरातल्या कॅलेंडरवर चार दिवस लिहून ठेवणारी आई तेच करत असते, आणि उत्तर तिला येत नसलं तर उलट बरं.

आता सगळ्यात कठीण भाग. घरातून शाळेत ज्ञान येईल तसा गैरसमजही येईल. लोणच्याला पाळीतल्या बाईचा हात लागला की ते नासतं, असं मानणारी घरं आजही पुष्कळ आहेत. दहावीतली मुलगी प्रजननाचा धडा वाचते, परीक्षेत बरोबर उत्तर लिहिते, घरी जाऊन त्या चार दिवसांत बरणीपासून लांब बसते. दोन सत्यं दोन जागी सुखाने नांदतात. संविधानाने १९७६ मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे नागरिकाचं कर्तव्य ठरवलं, पण ते कर्तव्य शाळेच्या फाटकापाशी संपतं. लोणचं नासण्याचं खरं कारण ओलावा, कमी मीठ, वर न आलेलं तेल हे असतं आणि ते दोन-तीन बरण्यांत सहज दाखवता येतं. पण एखाद्या तरुण शिक्षिकेने हा प्रयोग पालकांना न सांगता केला तर दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत गर्दी होईल आणि माफी तिला मागावी लागेल. तोच प्रयोग आया समोर बसल्या असताना, त्यांच्याच मापाने मीठ घालून, आधी वर्षभर मटकीचे आणि पिठाचे प्रयोग एकत्र झालेले असताना केला तर? सगळ्या पटतील असं नाही. पण ज्यांनी आधी आपलं म्हणणं बरोबर निघालेलं पाहिलं आहे त्या एखादं चूक निघालेलंही बघून घेतील. घरच्या ज्ञानाला मान द्या असं मी म्हणतो ते एवढ्याचसाठी. त्या मानाशिवाय तपासणीचा अधिकार शाळेला मिळत नाही.

शिक्षक विचारतील, वेळ कुठून आणायचा? मतदार याद्या, ऑनलाइन माहिती, प्रत्येक उपक्रमाचे फोटो अपलोड करणं, हे सगळं संभाळून? रास्त प्रश्न आहे, आणि मी सुचवतोय त्याचा आणखी एक 'उपक्रम' होऊन त्याचे फोटो मागवले गेले तर तो पहिल्याच वर्षी मरेल. म्हणून शासन निर्णय नको, समितीने आपल्या पातळीवर दोन-तीन गोष्टी ठरवाव्यात. प्रदर्शनातली प्रतिकृती शाळेच्या आवारातच, शाळेच्या वेळेत बनेल. घरून तयार वस्तू आली तर ती मांडली जाणार नाही. सभा संध्याकाळी किंवा गावच्या बाजाराच्या दिवशी होईल, म्हणजे कोणाची मजुरी बुडणार नाही. आणि सभेतला पहिला अर्धा तास हिशेबाचा नसेल, मुलांनी त्या महिन्यात तपासलेल्या एका गोष्टीचा असेल.

तयारीला मुहूर्तही आहे. मे महिन्यात सुट्टी असताना शून्य सावलीचे दिवस येतात: कोल्हापूरला ६ तारखेच्या आसपास, पुण्याला १३-१४ ला, मुंबईला १५-१६ ला, नागपूरला २६ च्या सुमारास. त्या दुपारी सूर्य ऐन डोक्यावर आला की अंगणात उभी केलेली बाटली क्षणभर सावली टाकत नाही. खर्च शून्य, घरातले सगळे हजर, आणि शाळेने एप्रिलमध्ये फक्त तारीख सांगायची.

त्यानंतर २ ऑगस्ट २०२७. सोमवार, आषाढी अमावास्या, दिव्यांची अवस. त्या दिवशी इजिप्त-अरबस्तानावरून जाणारं खग्रास सूर्यग्रहण महाराष्ट्रातून खंडग्रास दिसेल, दुपारी चारच्या पुढेमागे, म्हणजे शाळा भरलेली असताना. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणाला दुपारी रस्ते ओस पडले होते. आता तेवढं होणार नाही, पण गरोदर बायका आत बसतील, स्वयंपाक झाकला जाईल आणि बऱ्याच शाळा मुलांना आधीच घरी पाठवतील. त्याऐवजी पालकांना बोलवावं. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाही, हे ठासून सांगावं. घरून झारा किंवा चाळण आणायला सांगावी. तिच्या प्रत्येक भोकातून जमिनीवर एकेक खंडित सूर्य पडेल. ऑगस्ट आहे, ढग असण्याचीच शक्यता जास्त, मग कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या शाळांना काहीच दिसणार नाही, पण सगळे बाहेर उभे राहून चहा-पोहे खातील आणि कोणाला काही होणार नाही, हेही बघण्यासारखंच आहे. समितीने त्यासाठी जुलैच्या सभेत एकच ठराव करायचा: त्या सोमवारी शाळा लवकर सुटणार नाही.